चऱ्याची खोली

तीन दिवस मी गाडी भिंतीला खेटून लावत होते, डावी बाजू भिंतीकडे करून. कुणाला दिसू नये म्हणून, आणि त्याहून जास्त मला दिसू नये म्हणून. रिव्हर्स घेताना फाटकाची कडी मागच्या दारापासून चाकाच्या कमानीपर्यंत घासत गेली होती, आणि माझा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड वीत लांब चरा पडूनही गेला होता. गाडी बाबांची. अकरा वर्षं त्यांनी चालवली, मग रात्रीचं नीट दिसेना तेव्हा स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली. देताना ब्रेकबद्दल, क्लचबद्दल काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "पाणी मारल्याशिवाय फडकं लावू नकोस तिला."

चौथ्या दिवशी ते स्वतःच भिंत आणि गाडीच्या मधल्या फटीत जाऊन उभे राहिले. मी मागे, पोटात गोळा आलेला. ते काहीच बोलले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली वाकले आणि अंगठ्याचं नख चऱ्यावर आडवं फिरवलं. एकदा दाराजवळ, एकदा मधे, एकदा कमानीपाशी. "इथे नख अडकत नाहीये. इथे अडकतंय. आणि इथे बघ, इथे पत्रा उघडा पडलाय." मग उठले आणि म्हणाले, "आधी तो झाक. दिसण्याचं नंतर बघू."

तोपर्यंत मला तो एकच चरा वाटत होता. एक पांढरी रेघ, गडद निळ्या रंगावर, लांबूनही दिसणारी. पण नख फिरवल्यावर ते तीन वेगवेगळे चरे निघाले, एकाच रेषेत पडलेले. कडी दाराला नुसती शिवत सुरू झाली, मग दाबत गेली, आणि कमानीच्या फुगवट्यावर सगळा जोर लावून सुटली. काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी जागा, तिथे धातू चमकत होता, आणि त्या चमकेच्या कडेला तीनच दिवसांत पिवळट तपकिरी छटा आलेली. दिसायला सगळ्यात वाईट होता तो दाराजवळचा पांढरा पट्टा, मी तीन दिवस त्याच्यासाठीच झुरत होते. आणि गाडीला खरा धोका होता तो त्या गुलाएवढ्या ठिपक्यातून.

मी याआधी कधी गाडीच्या रंगाला हात लावलेला नव्हता. सरळ गॅरेजला नेऊन पूर्ण पॅनेल मारून घ्यायचा विचारही केला होता, आणि तो विचार चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही. पण एका रेघेसाठी कारखान्यातून आलेला चांगला रंग खरवडून सगळं पॅनेल नव्याने रंगवायचं, हे मनाला पटेना. म्हणून आधी समजून घ्यायचं ठरवलं की आपण नेमकं कशाला हात घालतोय.

तर गाडीचा रंग म्हणजे एक थर नाही. पत्र्यावर आधी फॉस्फेटचं अगदी पातळ कोटिंग असतं, मग अख्खी बॉडी मोठ्या टाकीत बुडवून विजेच्या मदतीने गंजापासून वाचवणारा थर चढवतात, तो साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्रायमर, तो ३० ते ३५. मग बेस कोट, म्हणजे ज्याला आपण गाडीचा कलर म्हणतो तो, आणि तो असतो जेमतेम १५ ते २० मायक्रॉन. सगळ्यात वर क्लिअर कोट, बिनरंगाचा, काचेसारखा, ४० ते ५०. सगळं मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढंच. मी हे वाचलं तेव्हा जाऊन परत गाडीवरून हात फिरवला. आपण पत्र्याला हात लावतोय असं वाटतं ना, तसं नसतंच, आपण त्या काचेसारख्या थराला हात लावत असतो. आणि जो रंग बघून आपण गाडी पसंत करतो तो या जाड थरांमधला सगळ्यात पातळ.

मग पाण्याची परीक्षा. ही कुणालाही जमते आणि नख फिरवण्याआधी हीच करावी असं मी म्हणेन. चऱ्यावर पाणी टाकायचं आणि ओलं असताना बघायचं. माझा दाराजवळचा अख्खा पांढरा पट्टा पाण्याखाली गायब झाला. वाळला, परत आला. ओला केला, परत गेला. मी हे चार-पाच वेळा केलं, कारण मला विश्वासच बसेना की जे इतकं ठळक दिसतंय ते नुसत्या पाण्याने जातंय. तिथे पांढरं असं काही नव्हतंच. क्लिअर कोटला बारीक खाच पडली की तिच्या तीक्ष्ण कडा उजेड वाट्टेल तिकडे फेकतात आणि तो विखुरलेला उजेड आपल्याला पांढरा दिसतो. पाणी खाचेत भरलं की कडा बुजतात, उजेड हवेतून काचेत जाताना जितका वळतो तितका पाण्यातून जाताना वळत नाही, आणि खालचा निळा रंग, जो सगळा वेळ शाबूतच होता, परत दिसायला लागतो. पाण्याने जो चरा जातो तो फक्त क्लिअर कोटातला. जो ओला असतानाही दिसतो तो त्याच्या खाली गेलेला. माझ्या मधल्या भागात पाण्याखालीही करडी रेघ तशीच होती, म्हणजे तिथे बेस कोट फाटून प्रायमर दिसत होता.

काही पॉलिशं हेच पाण्याचं काम करतात, फक्त जास्त दिवस टिकतं इतकंच. तेल नाहीतर मेण खाचेत जाऊन बसतं, गाडी आठवडाभर नवी दिसते, आणि चार वेळा धुतली की चरा जागेवर. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, कुणाला एका दिवसापुरतं हवं असेल तर ठीक आहे, पण ती दुरुस्ती नव्हे. टूथपेस्टचा सल्लाही मला तीन जणांनी दिला. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते त्यामुळे अगदी वरवरचा डाग जाऊ शकतो, पण ती पूड दातांसाठी केलेली, रंगासाठी नाही, तिचे कण घासता घासता आणखी बारीक होत जातील अशी काही सोय त्यात नाही. रंगासाठी बनवलेलं कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, मिळत असताना हा उपाय का करायचा हे मला कळलं नाही.

बाबांच्या फडक्याची गोष्टही मला याच दरम्यान उलगडली. संध्याकाळी दिव्याखाली गाडी लावली की बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. मला वाटायचं कुणीतरी गोल हात फिरवून पुसल्यामुळे त्या गोल पडतात. प्रत्यक्षात बारीक चरे सगळीकडे, सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण दिव्याच्या उजेडाला जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. डोकं हलवलं की वर्तुळंही सरकतात. आणि हे चरे पडतात कोरड्या फडक्याने. धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, कण असतात, खनिजांचा कडकपणा एक ते दहामध्ये मोजणाऱ्या मोह्सच्या मापावर त्याचा कडकपणा ७, चांगल्या लोखंडी सुरीच्या वर. ते कण फडक्याखाली दाबून ओढायचे म्हणजे रोज सकाळी पॉलिश पेपरच फिरवायचा. बाबांची बॉनेट अकरा वर्षांनंतरही जवळजवळ स्वच्छ होती. त्यांना हे मायक्रॉन वगैरे माहीत नव्हतं, पण पाणी मारून, धूळ वाहवून, मग फडकं, हे त्यांनी कधी चुकवलं नाही.

आता यातून मला जे कळलं ते सांगते, कारण पुढची सगळी कामं त्यावरच उभी आहेत. चरा पुसता येत नाही. पुसायला तिथे काही असावं लागतं, आणि चरा म्हणजे तर जिथे काही उरलं नाही अशी जागा. खड्डा आहे तो. आणि खड्ड्याचं दोनच प्रकारे काही करता येतं, एक तर तो भरायचा, नाहीतर आजूबाजूची सगळी जमीन त्याच्या तळापर्यंत खाली उतरवायची. रबिंग, पॉलिश, कंपाउंड, ज्याला आपण "स्क्रॅच घालवणं" म्हणतो ते सगळं दुसऱ्या प्रकारातलं. चरा जात नाही, त्याच्या भोवतालचा चांगला रंग जातो. आणि तो जो जातो तो परत येत नाही. क्लिअर कोट ही अशी शिल्लक आहे की तिच्यात भर पडत नाही, फक्त खर्च होतो. त्याच थरात उन्हातले अतिनील किरण शोषून घेणारी रसायनं असतात, म्हणून तो फार पातळ झाला की काही वर्षांनी छपरावर, बॉनेटवर पांढरे चट्टे येतात आणि साल निघावी तसा तो सुटायला लागतो. त्यावर मग घरी काही उपाय नाही.

हे समजलं आणि हातातली घाई निघून गेली.

पहिल्या दिवशी फक्त धुतली. दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, एकीत साधं पाणी हात खळबळायला, म्हणजे निघालेली माती परत गाडीवर जात नाही. वाळल्यावर लक्षात आलं की चऱ्याच्या वरच्या कडेला जी जाड राखाडी पट्टी दिसत होती ती चराच नव्हती, तो फाटकाचा रंग होता, आमच्या गाडीवर बसलेला. मऊ फडक्यावर थोडंसं पॉलिश घेऊन बोटाने घासलं तर दहा मिनिटांत निघून गेला, आणि चऱ्याची रुंदी निम्मी झाली. नुसत्या धुण्या-पुसण्याने निम्मा! म्हणून जो कुणी पहिल्यांदा हे करणार असेल त्याने धुण्याआधी कशालाही रडू नये.

दुसऱ्या दिवशी तो ठिपका. बाबा खुर्ची टाकून बसले होते. गंज नुसता वरवर होता, पॉलिश पेपरचा छोटा तुकडा काडीच्या टोकावर गुंडाळून फक्त तेवढ्या जागेत फिरवला, तपकिरी जाऊन चकचकीत धातू येईपर्यंत. आजूबाजूला मास्किंग टेप लावलेली, नाहीतर पेपर घसरला की दुसरा चरा. गंज खोल गेला असता तर गंजाला थोपवणारं रसायन लावावं लागलं असतं, ते लावलं की गंज काळा पडून घट्ट होतो. गंजावर नुसता रंग मारणं मात्र कधीही करू नये, तो रंगाखालून पसरतच राहतो आणि मग एक दिवस फुगा येतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं, कारण बोटाचं तेल, पॉलिशमधलं सिलिकॉन, काहीही राहिलं की रंग तिथून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. आणि मग टूथपिकच्या टोकावर प्रायमर घेऊन त्या ठिपक्यावर टेकवला. टूथपिक टेकली, प्रायमर आपणहून पसरून कडेला जाऊन थांबला. बाबांनी बघितलं आणि "हं" म्हणाले. त्यांचं "दिसण्याचं नंतर बघू" हे वाक्य मला तेव्हा नीट समजलं. पत्रा झाकला गेला होता, त्या रात्री दव पडलं असतं तरी चाललं असतं, आता कितीही दिवस लागू देत.

(बंपरवर चरा असता तर ही सगळी गंजाची भानगड नव्हती, तो प्लास्टिकचा. पण उघड्या प्लास्टिकवर रंग धरत नाही, तिथे वेगळा प्रायमर लागतो. आणि बंपर बहुतेक वेळा वेगळा, कमी तापमानाला रंगवलेला असतो, म्हणून नव्या गाडीचासुद्धा बंपर आणि शेजारचं पॅनेल काही उजेडांत जरासे वेगळे वाटतात. एकदा हे दिसायला लागलं की सगळ्या गाड्यांत दिसतं.)

रंगासाठी कोड लागतो. आमच्या गाडीचा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर होता, काहींचा बॉनेटखाली असतो. निळा म्हणून कुठलाही निळा चालत नाही, एकाच कंपनीचे चार निळे असतात. आणि कोड जुळला तरी अकरा वर्षं उन्हात राहिलेला निळा आणि बाटलीतला ताजा निळा सख्खे भाऊ असतात, जुळे नसतात. त्यात आमचा मेटॅलिक. बेस कोटमध्ये ॲल्युमिनियमचे चपटे बारीक कण असतात, स्प्रेने मारताना ते पाण्यावर पानं तरंगावीत तसे आडवे झोपतात आणि सगळे मिळून एकाच दिशेला आरशासारखे चमकतात. ब्रशने नाहीतर टूथपिकने लावला की ते वेडेवाकडे उभे-आडवे राहतात, म्हणून तोच रंग समोरून गडद आणि बाजूने फिकट दिसतो. यावर घरी इलाज नाही, आणि तो नाही हे आधीच माहीत असलेलं बरं. चरा जितका अरुंद ठेवता येईल तितका हा फरक कमी जाणवतो, एवढंच आपल्या हातात.

माझी मोठी चूक इथेच झाली. बाटली दोन मिनिटं हलवली, आतली गोळी खडखड वाजेपर्यंत, कारण ॲल्युमिनियमचे कण तळाला बसलेले असतात. मग झाकणाला जोडलेल्या ब्रशनेच लावलं. तो ब्रश चऱ्याच्या तिप्पट रुंद. एकाच वेळी खाच पूर्ण भरावी म्हणून भरपूर रंग ओतला, वरून फुगीर, चरा दिसेनासा झाला आणि मला वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निळी गोम होती. वरची साय सुकलेली, आतून मऊ, आणि मधोमध खचलेली, कारण रंगातला थिनर उडून गेला की रंग आकसतो. चऱ्यापेक्षा वाईट. मी सुन्न होऊन बघत बसले, खरंच रडू आलं, कारण हे आता कायमचं असं वाटलं.

ते कायमचं नव्हतं. कारखान्यातला रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेला असतो, त्याचे रेणू एकमेकांना जाळ्यासारखे पक्के बांधले गेलेले असतात, थिनरचा ओझरता हात त्याला फारसं काही करत नाही. बाटलीतला रंग मात्र नुसता वाळलेला असतो आणि थिनर लागला की परत विरघळतो. एका जुन्या प्लास्टिक कार्डावर सुती कापड ताणून गुंडाळलं, त्याला नावापुरता थिनर लावला, आणि चऱ्याला आडवं हलकेच ओढलं. कार्ड सपाट असल्यामुळे कापड खाचेत शिरत नाही, फक्त वर आलेला रंग घेऊन जातं. तीन-चार वेळा ओढल्यावर गोम गेली आणि खाचेच्या तळाशी पातळ निळी रेघ राहिली, अगदी हवी होती तशी! माझ्या चुकीतूनच मला पहिला बरोबर थर मिळाला. त्यानंतर ब्रश वापरलाच नाही. टूथपिक तासून टोकदार केली, एक थेंब, खाचेत सोडायचा, पुढे सरकायचं, आणि मग थांबायचं. सकाळी एक थर, संध्याकाळी एक. बेस कोट कडांच्या थोडा खाली ठेवला आणि त्यावर क्लिअर, तोही असाच थेंबाथेंबाने, चार वेळा, कडांच्या केसभर वर येईपर्यंत.

हे सगळं सावलीत. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग वरून झटकन सुकतो आणि आतला थिनर अडकतो, आणि हवा फार दमट असली तर क्लिअरवर दुधाळ धुरकटपणा येतो. स्प्रे कॅनचाही विचार केला होता. पण चऱ्यापुरता स्प्रे मारायचा तरी आजूबाजूला हातभर धुकं बसतं आणि ते विरवणं हे वेगळंच कसब आहे. आणि ज्यात हार्डनर मिसळलेला असतो तो टू-के क्लिअर, तो टिकाऊ असतो पण त्यात आयसोसायनेट असतात, श्वासातून गेले तर कायमचा दमा लागू शकतो. साधा कापडी मास्क त्याला काही अडवत नाही. योग्य मास्क आणि हवेची सोय नसेल तर घरी तो फवारूच नये, याबाबतीत मला मधला मार्ग दिसत नाही.

मग वाट बघणं. मी बाटलीवर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट थांबले, एक अख्खा आठवडा. सुकणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. त्या आठवड्यात मी जुन्या रंगांबद्दल वाचत बसले. सुरुवातीच्या काळात गाड्या ब्रशने, तेलाच्या वार्निशने रंगवायचे, थरामागून थर, आणि एक गाडी वाळून तयार व्हायला काही आठवडे लागायचे. कारखाना तासाला गाड्या बनवायचा आणि रंग त्यांना अडवून धरायचा. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. १९२३ मध्ये ड्युपॉन्टचा ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला, जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर निळा रंग झळकला, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी जी वाट बघणं संपवलं ते मी एका दीड वितीच्या रेघेसाठी परत करत होते, आणि मला ते आवडायला लागलं होतं हे मान्य करते. रोज कामावरून आले की आधी डाव्या बाजूला जाऊन बघायचं. आता गाडी भिंतीला लावत नव्हते.

आठव्या दिवशी घासायला घेतलं. हा सगळ्यात भीतीचा भाग. वॉटर पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, दोन हजार नंबरच्या पेपरवरचे कण साधारण १० मायक्रॉनचे, दीड हजारचे साडेबारा. हे आकडे मी क्लिअर कोटच्या चाळीस-पन्नासशेजारी मनात मांडून बघितले आणि हजार नंबरचा पेपर, जो कुणीतरी "लवकर होईल" म्हणून दिला होता, तो बाजूला ठेवला. दोन हजारचा पेपर रात्रभर पाण्यात भिजवला, खोडरबराच्या छोट्या तुकड्याभोवती गुंडाळला, कारण नुसत्या बोटाने घासलं की बोटाच्या आकाराची नाली पडते. कमानीच्या कडेवर टेप लावली. कडांवर आणि जिथे पत्रा वळतो तिथे रंग मुळातच पातळ असतो, आणि तिथेच हात जास्त दाबला जातो, नवख्यांचा रंग तिथेच उडतो.

हा पाण्यातला पेपर आणि ही टेप, दोन्हीचा जन्म याच कामातला आहे. कोरडं घासताना उडणारी रंगाची धूळ, त्यातलं शिसं, कामगारांच्या छातीत जायचं. फ्रान्सिस ओकी या माणसाने पाण्यात न विरघळणारा पेपर बनवला, थ्रीएम कंपनीने तो १९२१ मध्ये बाजारात आणला. त्याच पेपरचे नमुने घेऊन रिचर्ड ड्रू नावाचा कंपनीचा तरुण एका रंगकामाच्या गॅरेजमध्ये गेला, तिथे दोन रंगांच्या गाडीवरून चिकट कागद काढताना ताजा रंगही सोलून आलेला आणि रंगारी संतापलेला. ड्रूने त्याला शब्द दिला की यावर काहीतरी शोधतो, आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार झाली. मी ज्या पिवळट पट्टीकडे कधी दोनदा बघितलं नव्हतं ती एका चिडलेल्या रंगाऱ्याचं ऐकून घेतल्यामुळे आलेली आहे. ती कमानीवर दाबून बसवताना मला त्या दोघांची आठवण झाली, खरंच झाली.

घासताना पाणी दुधासारखं पांढरं होतं, तो क्लिअर. पांढरं आहे तोवर ठीक. निळं दिसलं की त्याच क्षणी थांबायचं, कारण मग आपण रंगात शिरलो. मी पाच वेळा घासायचे, पुसायचे, बघायचे. परत पाच. फुगीर रेघ हळूहळू खाली यायला लागली, आजूबाजूचा भाग धुरकट झाला, आणि त्या धुरकटपणात रेघ तेवढी चकचकीत दिसत होती, म्हणजे ती अजून खाली होती की वर? यात मी गोंधळले. बाबांना विचारलं तर त्यांनी परत नख फिरवलं आणि म्हणाले, "खाली आहे गं. आता भरायला हवं, घासायला नको." क्लिअर आकसला होता. परत एक थेंबांचा थर, परत चार दिवस. नंतर घासलं तेव्हा धुरकटपणा सलग झाला, रेघ आणि आजूबाजूचा भाग एकच. मग कंपाउंड, मग बारीक पॉलिश, हाताने, फोमच्या पॅडवर, वाटाण्याएवढं घेऊन, आणि त्या धुक्यातून एकदम झाड, खिडकी, माझा चेहरा वर आला. दाराजवळचा पांढरा पट्टा तर नुसत्या कंपाउंडने गेला, त्याला पेपर लावावाच लागला नाही.

मेण अजून लावलं नाहीये. नव्या रंगातला उरलेला थिनर उडायला महिनाभर मोकळा ठेवते आहे.

परवा संध्याकाळी ऊन तिरकं आलं तेव्हा मी आणि बाबा दोघंही बाहेर होतो. समोरून काही नाही. मागच्या चाकापासून दोन पावलं पुढे जाऊन थोडं वाकलं की कमानीच्या अलीकडे एक बारीक गडद धागा दिसतो, ॲल्युमिनियमचे ते वेडेवाकडे झोपलेले कण, आणि धाग्याच्या खालच्या कडेला क्लिअरची अगदी बारीक पायरी, उजेड तिथे जरा मोडतो. मी पेपर आणला, भिजवलेला होता अजून. खोडरबराला गुंडाळला. त्या जागेवर याआधी दोनदा घासलं होतं, किती मायक्रॉन उरलेत ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. बाबांनी नख फिरवलं, मग मी फिरवलं. अडकलं नाही.

ते म्हणाले, "तुला दिसतंय?"

"हो."

"मलाही दिसतंय," म्हणाले, आणि खुर्ची उचलून आत गेले. मी पेपर वाळवून डब्यात ठेवला, बाटलीच्या तोंडाचे आटे थिनरने पुसून झाकण घट्ट लावलं, आणि वर टेपच्या तुकड्यावर तारीख लिहिली.